सुभेदाराची सव्वा मूठ

फौजदार गेला तेव्हा आबा चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. फौजदार म्हणजे आमचा कुत्रा. बारा वर्षं त्याने आमच्या भुईमुगात एक कोल्हा शिरू दिला नाही आणि ओट्यावर एकही पाहुणा न भुंकता चढू दिला नाही, म्हणून आबांनीच, म्हणजे आजोबांनीच, त्याला ही पदवी दिली होती. जेठात तो गेला आणि आखाडात हिलालकाका दुसरा घेऊन आले. दिसायला असा देखणा की काकू म्हणाली, आधी याची दृष्ट काढा. या देखण्याने पहिल्या आठवड्यात शेजारची अंडी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात कोल्हेकुई ऐकून तो आबांच्या खाटेखाली शिरला. तिसऱ्या आठवड्यात गावात नंदीबैल आला, त्याच्या ढोलकीमागे जो निघाला तो भडगावच्याही पुढे गेला म्हणतात.

हे सगळं मला धुळ्याला पत्राने कळत होतं. धुळ्याला मी आत्याकडे राहून कन्याशाळेत शिकते. यंदा संमेलनात तीनशे माणसांपुढे मी भाषण केलं, तेही कागद न बघता. तेव्हापासून आई म्हणते, हिच्या तोंडाला कुलूप करणारा लोहार अजून जन्मायचा आहे. तर नागपंचमीला मी गावी आले. त्याच रात्री जेवताना आबांनी ताटावरून मान वर न करता निकाल दिला, "आते हिलालनी कुत्रा निवडाना नही."

हिलालकाका रुसले. मोठा घास घेतला की ते रुसले आहेत असं समजायचं. वडिलांना, म्हणजे नानांना, निंदणीमुळे श्वास घ्यायला वेळ नव्हता.

मी म्हटलं, "मी निवडते."

सगळे हसले. पाळण्यातला पुनासुद्धा हसला. पुना म्हणजे हिलालकाकांचा वर्षाचा मुलगा.

आबा म्हणाले, "कुत्रा निवडनं म्हंजे कविता पाठ करनं शे का वं, भिकू?"

"नाही आबा, परीक्षा घेणं आहे. आणि परीक्षेतलं मला चांगलं कळतं. आजवर दिल्या, आता एक घेते."

आबांच्या मिशा हलल्या. हसले की रागावले हे त्यांच्या मिशांवरून कधीच कळत नाही. "बरं," ते म्हणाले. "निवड. पन एकलीच निवड. हिलालनी बोट लावानं नही. चुकनी, तं सोमवारी कानबाई नदीवर गयी की पिल्लू परत. आनि मंग या घरमा बैल, म्हैस, कुत्रा, कोनताबी इषय निंघो, तू तोंड उघडानं नही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आईने कपाळावर हात मारून घेतला.

हाताशी चार दिवस होते. कानबाई ही आमच्याकडची देवी, श्रावणातल्या एका रविवारी ती चौरंगावर बसते आणि सोमवारी नदीत तिचं विसर्जन होतं. कानबाईचा रविवार तोंडावर आलेला, घर सारवायचं, डाळी निवडायच्या, आणि मी मात्र इतिहासाच्या वहीची उरलेली पानं घेऊन गावभर फिरत होते. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कुत्रा निवडण्याच्या कसोट्या'. आमच्या गावात पीक कसं येईल हे कोणी छातीठोक सांगणार नाही, पण कुत्रा कसा असावा हे प्रत्येकाला ठाऊक. जागल्या नथ्थूबाबा म्हणाले, नखं मोज. अठरा बठ्ठास्ले, म्हणजे सगळ्यांनाच, ऱ्हातस. वीस निंघनात तर डोळे मिटून उचल. जीवराम सुतार म्हणाले, टाळू बघ, काळा असला तर तो चोराला सोडत नाही. बुधीबाईने सांगितलं, मानेच्या कातडीला धरून उचलायचं, केकाटलं ते भित्रं. कोणी म्हणालं थाळी वाजव आणि कोण पळतं ते बघ, कोणी म्हणालं पाठीवर लोळव, कोणी म्हणालं भाकर टाक आणि कोण आधी येतं ते बघ. लगेच दुसरं म्हणालं, आधी येतं ते हावरं, दुसरं येतं ते घे. मी दोन्ही लिहून घेतलं. एकूण चौदा कसोट्या झाल्या.

शेवटी मी हिलालकाकांकडे गेले. बोट लावायला बंदी होती, बोलायला नव्हती. ते बैलाच्या गळ्यातले घुंगरू ओवत बसले होते. चौदाच्या चौदा कसोट्या ऐकून ते खूश झाले आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "बठ्ठं ठीक शे. फक्त ते बी पाहजो."

"ते म्हणजे काय?"

"ते म्हंजे... ते." काका घुंगरांकडे बघू लागले.

"काका, लिहायचं काय मी?"

"लिवानं काय त्याम्हा! तुनी काकूले इचार."

काकूला विचारलं तर ती तोंडाला पदर लावून आत पळाली. मोठ्या माणसांच्या गोष्टी अशाच असतात, मी म्हटलं, आणि वही मिटली.

सराव मात्र कसून केला. आधी मांजर. तिने दुसऱ्या कसोटीलाच माझ्या हातावर चार रेघा ओढल्या. मग शेळीचं करडू, पण त्याला नखंच नाहीत. टाळू बघण्याचा सराव मी पुनावर केला. त्याचा टाळू गुलाबी निघाला आणि दात दोन निघाले, तेही माझ्या बोटात.

बाकी तयारीही झाली. आबांच्या जुन्या पागोट्याच्या काठाचा गळपट्टा शिवला, काकांकडचं एक घुंगरू मागून त्याला लावलं. टोपलीत माझं परकराचं जुनं कापड घातलं. आणि नाव तर मी केव्हाच ठरवलं होतं. फौजदाराच्या जागेवर येणार तर हुद्दा चढताच हवा. म्हणून सुभेदार.

शनिवारी सकाळी काका आणि मी गाडी जुंपून निघालो. पलीकडच्या माळावर सुंदरबाई धनगरणीचा वाडा होता, मेंढरांचा. एरवी कुत्र्या दिवाळीनंतर वितात, पण तिची काळू यंदा अवेळीच व्याली होती. चार पिल्लं, दीड महिन्याची.

माळावर पोचताच काकांनी आबांचा शब्द पाळला. इतका पाळला की ते सुंदरबाईच्या नवऱ्याबरोबर झाडाखाली बसले तेच मुळी पाठ करून. मी एकटी पुढे झाले. मोठ्या मायने, म्हणजे आजीने, बजावलं होतं की आधी आईच्या तोंडात घास, मग पोराला हात. म्हणून गूळ आणि तेल लावलेली भाकर मी काळूपुढे ठेवली आणि ती खाऊन होईपर्यंत उभी राहिले. काळूने भाकर खाल्ली, माझा हात चाटला, आणि मग जरा बाजूला सरकली. जणू म्हणाली, घे बाई तुझी परीक्षा.

मी वही उघडली. सुंदरबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"परीक्षा."

"मेंढरं मी बी निवडस, पन पुस्तक उघडीसन नही निवडत," ती म्हणाली.

पहिलं पिल्लू भुरकं. थाळी वाजवली तशी ते आईच्या पोटाखाली गेलं. दुसरं गुबगुबीत, ते भाकरीवर आधीही आलं आणि नंतरही आलं, म्हणजे हावरं की नाही याचा निकाल लागेना. तिसऱ्याने मानेला धरताच असा गळा काढला की झाडाखाली काकांची मान वळता वळता राहिली. चौथं काळं, छातीवर पांढरा ठिपका. थाळी वाजवली तर ते थाळीवर भुंकलं. भुंकणं कसलं, शिंकणंच ते, पण भुंकण्याच्या आवेशात. मानेला धरून उचललं तर माझ्याकडे रोखून बघत राहिलं. टाळू पाहिला, काळा कुळकुळीत. नखं मोजायला मी गुडघ्यावर बसले. मागच्या पायाला वर एकेक जास्तीचं नख होतं. अठरा आणि दोन. मी परत मोजली. वीस!

"हे!" मी ओरडले.

सुंदरबाई हसली. चांगली खळखळून हसली. "निवड बेस शे तुनी. पन घरना गडीस्ले इचारं शे ना?"

हे वाक्य ऐकून माझं डोकंच फिरलं. मुलगी आली की हिला विचार, त्याला विचार! "मावशी," मी म्हटलं, "घरच्यांनी मला एकटीला पाठवलं आहे. निवड माझी."

"मंग ली जाय," ती म्हणाली आणि आणखीच हसली.

घरी येईस्तोवर सुभेदार टोपलीत झोपून गेला. ओट्यावर आबांनी फडकं जरासं बाजूला करून पाहिलं. काळं तोंड, पांढरा ठिपका, त्यांच्या बोटाला झोपेतच दात लावले. आबा म्हणाले, "दम शे." एवढंच. पण आमच्याकडे एवढं म्हणजे पुष्कळ.

आत मोठी माय रोटाचे गहू मोजायला बसली होती. कानबाईचा रोट म्हणजे घरातल्या प्रत्येक गड्याच्या, म्हणजे पुरुषाच्या, नावाने सव्वा मूठ धान्य. तेच दळायचं, त्याचाच नैवेद्य, आणि तो भाऊबंदांनीच खायचा. परक्याच्या तोंडात कण जाता कामा नये. उरलंसुरलं आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात. आम्ही बायका आणि मुली गड्यांच्या मुठीतूनच खातो.

"माझी मूठ?" मी दर वर्षी विचारते तसं विचारलं.

"तुनी मूठ तुना सासरले."

"तिथेही गड्यांचीच टाकतात ना पण?"

मोठ्या मायने सूप माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "दाने मोज."

मोठ्या मायला आता नीटसं दिसत नाही, म्हणून नावं कोणीतरी बाहेरून सांगायची आणि तिने डोळे मिटून मूठ टाकायची. यंदा काका सांगत होते, आणि काका खुशीत होते. "सुकदेव आबा!" मूठ पडली. "रुपचंद!" म्हणजे नाना, पडली. "हिलाल!" पडली. "पुना!" पडली. आणि त्याच सुरात, "सुभेदार!"

पडली. सव्वा मूठ, नेटकी.

मोठ्या मायने डोळे उघडले. "हाऊ सुभेदार कोन?"

आम्ही हसून लोळलो. आई म्हणाली, काढून घ्या ते दाणे. मोठी माय म्हणाली, कानबाईच्या नावाने सुपात पडलेला दाणा परत काढत नाहीत. ओट्यावरून आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. घर राखनार शे. तो बी घरना गडीच." आणि पाचही मुठी जात्यात गेल्या.

रविवारी सकाळी देवीसाठी सगळं घर न्हालं, तर सुभेदाराने का न्हाऊ नये? काकूने त्याला परातीत घेतलं. मी देवीच्या चौरंगाला पानं बांधत होते. मागल्या दारातून काकूची किंकाळी आली आणि मागोमाग हसू. जाऊन बघते तर काकू ओल्या जमिनीवर बसून डोळे पुसते आहे.

"भिकू वं," ती कशीबशी म्हणाली, "तुना सुभेदारले नथ करनी पडी!"

मला कळायला एक क्षण लागला. मग मी परातीत वाकून पाहिलं. चौदा कसोट्या घेतल्या होत्या मी. चौदा! टाळूच्या आत आणि नखाच्या मुळाशी पाहिलं होतं. आणि हे मात्र वहीत नव्हतं, कारण ते कोणी सांगितलंच नव्हतं.

"सांगं होतं ना मी, 'ते' पाहजो म्हनीसन!" काका ओरडले.

"काका, 'ते' म्हणजे हे, असं म्हणायला तुमची जीभ झिजत होती?"

"पोरीसंगे कसं बोलतस असं!"

आबा आले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पाहिलं. "कुत्री शे," ते म्हणाले. "दर वरीसले पिल्ले देई. गावना बठ्ठा कुत्रा ओट्यावर जमतीन. शेत कोन राखी? सोमवारी परत." मग माझ्याकडे वळून, "आनि बोली याद शे ना?"

मी नुसती मान हलवली. आईने तर माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

खरं सांगते, बोलता येणार नाही याचं मला फारसं काही वाटलं नाही. सुभेदार ओली होऊन थरथरत होती आणि माझ्या परकरात डोकं खुपसत होती. वीस नखं होती तिला. थाळीवर भुंकली होती ती. नापास कशात झाली?

दुपार कलली. चौरंगावर कानबाई बसली होती, नारळाचं तोंड, नाकात नथ, अंगावर मोठ्या मायचा शालू. आरती झाली. ओसरीवर ताटं मांडली आणि मोठी माय रोट वाढायला बसली. एक, दोन, तीन, पुनाचं चौथं. तिचा हात थांबला. रोटाचा एक वाटा उरला होता.

"ताटं चार शेतस," ती म्हणाली. "मुठी पाच व्हत्यात."

काका ताटात बघू लागले.

मला बोलायची बंदी होती. पण ताट मांडायची बंदी कोणी घातली नव्हती. मी आत गेले, पाचवं ताट आणलं, पुनाच्या शेजारी मांडलं, आणि टोपलीतून सुभेदारला उचलून त्यापुढे बसवलं. गळपट्ट्याचं घुंगरू वाजलं.

आबा म्हणाले, "हाई काय?"

मी गप्प.

"भिकू, हाई काय म्हनस मी!"

मी ओठांवर बोट ठेवलं. मोठी माय हसू दाबत होती. आबांच्या मिशा जोरात हलू लागल्या. "बोल आते!" ते शेवटी ओरडले.

"तुम्हीच सांगितलं म्हणून बोलते हं," मी म्हटलं. संमेलनातल्या तीनशे माणसांपेक्षा त्या नऊ माणसांपुढे... नऊ कसली, कुत्री धरून आठ... त्या आठांपुढे बोलणं अवघड होतं. "आबा, रोट परक्याने खायचा नाही. मग हा पाचवा वाटा कोणाचा?"

"कोनाबी खाईन. हिलाल खाई."

"काकांनी काकांची मूठ खावी. दुसऱ्याच्या नावाची कशी खातील? खड्ड्यात टाकायची म्हटली, तर जिवंत माणसाच्या... जिवंत जिवाच्या नावाचा रोट कानबाईच्या दिवशी पुरायचा?"

आईने झटकन पुनाला जवळ ओढलं.

"म्हणजे तो सुभेदारनेच खायला हवा. आणि एकदा रोट खाल्ला की ती भाऊबंद झाली. मग सोमवारी भाऊबंदाला घराबाहेर काढायचं?"

"भाऊबंद!" काका म्हणाले. "अरे, भाऊबंद तं कोरटामाबी हटत नहीत, घरमातून काय निंघतीन!"

"तू गप ऱ्हाय," आबा म्हणाले. त्यांनी सुभेदारकडे पाहिलं. सुभेदारने त्यांच्याकडे पाहिलं, रोखून, माळावर माझ्याकडे पाहिलं होतं तसंच. आबांनी घसा साफ केला. "पन मूठ गडीसनी ऱ्हास. काल भूल पडनी. बाईनी मूठ रोटमा कधी पडनी शे का?"

आता मोठी माय बोलली. पळी तशीच हातात, चौरंगाकडे मान करून.

"आनि जिना रोट शे, ती कोन शे? ती काय गडी शे?"

सगळ्यांच्या माना चौरंगाकडे वळल्या. कानबाई नथ घालून बसली होती.

आबांनीही पाहिलं. मग त्यांनी स्वतःचं ताट जरा पुढे सरकवलं, म्हणजे सगळ्यांनी जेवायला सुरुवात करावी, आणि म्हणाले, "वाढ. थंडा व्हई ऱ्हायना."

मोठ्या मायने पाचवा वाटा वाढला. सुभेदारने तो असा खाल्ला की ताट धुवायला खड्ड्याचं काम पडलं नाही. मग तिने पुनाच्या ताटाकडे मोर्चा वळवला आणि आबांनी तिला आपल्या मांडीशी ओढून घेतलं. तिने परत त्यांच्या बोटाला दात लावले. "दम शे," ते म्हणाले, पण हळू, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला गेलं.

सोमवारी कानबाई नदीवर गेली. बायकांनी फुगड्या घातल्या, मीही घातल्या, आणि घरी आलो तर ओट्यावर आबा सुभेदारच्या गळपट्ट्याची गाठ घट्ट करत बसले होते. नाव बदलायचं का, असं काकांनी विचारलं. आबा म्हणाले, कसाले? हुद्द्याले काय शे?

मग मला म्हणाले, "तुनी ती वही आन. पंधरावी कसोटी लिव."

मी ओट्यावर बसून लिहिलं, 'पंधरा : नर की मादी, ते सर्वांत आधी पाहणे.' वाचून दाखवलं. काका लाजून गोठ्यात गेले. पण वही मिटता मिटता मला वाटलं, चौदा कसोट्यांत ही पोर पहिली आली होती. पंधरावी असती तर मी तिला उचललंच नसतं, आणि त्या भुरक्यासारखं एखादं भित्रं घेऊन आले असते. मी पंधरावीवर सरळ रेघ मारली. आबांनी पाहिलं, पण त्यांना तेव्हाच नेमकी तपकिरीची डबी सापडेना.

उद्या मी धुळ्याला परत जाते आहे. सुभेदारने ओट्यावर आतापर्यंत एका कोंबडीला, दोन पाहुण्यांना आणि खुद्द तलाठ्यांना अडवलं आहे. पुढच्या कानबाईला मुठी मोजताना मी सुपाशी बसणार, हे मी मोठ्या मायला आत्ताच सांगून ठेवलं. यंदासारखं 'दाने मोज' म्हणेल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "बस. पन हात धुईसन बस."